दाऊद आणि वफ्र्याची खेप

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय खाल्लं, तर काकडी. कुवेतमध्ये, एगैलाच्या मॉलमागे, भिंतीच्या सावलीला, दाऊदच्या हाफ लॉरीत, म्हणजे छोट्या ट्रकात बसून. शाळा-ऑफिसं सुटायच्या वेळी मोठ्या रस्त्यावर लॉऱ्यांना बंदी असते. पोलीस धरतो. म्हणून बंदराकडच्या कोठारातून कोंडा आणि जव भरून निघालेल्या गाड्या मिळेल त्या सावलीला उभ्या राहतात. दाऊदने डॅशबोर्डवर वर्तमानपत्र पसरलं, काकडीचं टोक कापून त्यावर घासलं, फेस काढला, मीठ लावलं आणि अर्धी मला दिली. इथली काकडी कडू नसते, घासायची गरज नाही, हे मी त्याला नेहमी सांगायचो. तो घासायचाच. त्याची आई घासायची म्हणून हा घासायचा. खबूसची रोटी होती, कांदा होता, गावाहून आलेली सुकट होती. सुकटीच्या वासाने बाजूच्या गाडीतला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, ड्रायव्हर काच वर करून बसला, तर दाऊदने त्यालाही थोडी नेऊन दिली.

बंदी उठली तसे आम्ही वफ्र्याला मेंढरांच्या वाड्यांवर गेलो, माल उतरवला, परत आलो. मला मंगफला मुलाच्या बिल्डिंगखाली सोडताना म्हणाला, "उद्या लवकर उतर. हॉर्न वाजवला की तुझी सून वरनं बघते, मला लाज वाटते." मी म्हटलं, बरं. मग तो फिंतासला आपल्या खोलीवर जाऊन संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजासाठी हातपाय धुवायला बसला तो उठला नाही. खोलीतल्या माणसांनी मला फोन केला. मी पोचलो तेव्हा अँब्युलन्सवाले निघायच्या तयारीत होते.

दाऊद दाभोळच्या खाडीकडचा. मी वरच्या अंगाचा, डोंगरातला. इथे आलो तेव्हा दोघंही जवान होतो. मी वेल्डिंगला लागलो, तो गाडीवर. त्याच्या गाडीच्या फाळक्या मोडल्या की माझ्याकडे आणायचा, तशी ओळख. उंच, वाकलेला, पांढरी टोपी, आणि शर्टाच्या खिशात कायम बडीशेप. हसताना आवाज काढायचा नाही, नुसते खांदे हलायचे. कोणी शिवी दिली तरी खांदेच हलायचे. मला ते आवडायचं नाही. माणसाने शिवीला शिवी द्यावी, असं माझं मत. तो म्हणायचा, "शिवी देऊन तो मोकळा झाला, मी कशाला बांधून घेऊ?"

त्याची एकच चीड होती, रिकामी गाडी. गाडी रिकामी चालली की त्याला जेवण जात नसे. "रिकामी गाडी जास्त खाते," म्हणायचा. भरून जायचं ते कोणीही जातं, परत येताना काय आणलंस ते सांग, असं तो नव्या ड्रायव्हरांना विचारायचा. वफ्र्याहून येताना तो मेंढ्यांचं खत आणायचा, कोणाच्या बागेला. टोमॅटोचे क्रेट आणायचा. बिघडलेली पाण्याची मोटर, दुरुस्तीचा पलंग, सुट्टीवर निघालेल्या माणसाच्या बॅगा. एकदा एका माणसाची बकरी डॉक्टरकडे न्यायची होती. दाऊदने तिला मागे बांधली नाही. ऊन आहे, ती आजारी आहे, म्हणून आमच्या दोघांच्या मध्ये बसवली. एगैलाच्या सिग्नलला गाडी थांबली आणि बकरीने माझ्यावरून खिडकीबाहेर तोंड काढलं. बाजूच्या मोठ्या गाडीतली पोरं मोबाइल काढून फोटो घ्यायला लागली. मी मान खाली घातली. दाऊद बकरीला म्हणाला, "बघ, तुझ्यामुळे शांताराम शरमला." खांदे हलत होते.

त्याचं काम होतं मेंढरांच्या वाड्यांना चारा पोचवायचं. वफ्र्याच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर छोटे छोटे वाडे आहेत, पत्र्याचे, तारेच्या कुंपणाचे. मालक कुवेती, राखायला बंगाली नाही तर सुदानी. मोठ्या शेतांसारखे नाहीत हे. कोणाकडे बापाची आठवण म्हणून थोड्या मेंढ्या, कोणाला ईदला घरची लागते म्हणून. सरकारी भावाचा कोंडा आणि जव मालकाच्या कार्डावर मिळायचा, आणि तो मिळायचा तिथेच, वफ्र्याच्या कोठारात. पाण्याचा टँकर येतो त्याहूनही जवळ. राखणदार सकाळी दाऊदला हाक मारायचा, आणि त्याचा चहा निवायच्या आत बोऱ्या दारात असायच्या. भाडं म्हणजे नावापुरतं.

मग ते कोठार बंद झालं. गेटवर पाटी लावली. तिथल्या साहेबाने दाऊदला समजावून सांगितलं होतं, तो माणूस वाईट नव्हता. लहान कोठारं सगळी बंद, माल सगळा एका ठिकाणी, बंदराकडे, धान्याचे मोठे मनोरे आहेत तिथे. तिथे मशीन गाडी भरतं, हमाल लागत नाही. खोटं कशाला बोलू, ज्याच्याकडे मोठा ट्रेलर आहे त्याला हे स्वस्त पडलं. मोठ्या शेतवाल्यांनी आपले ट्रेलर घेतले, एका फेरीत महिन्याचं भरून आणतात. मेले ते लहान. चार बोऱ्यांसाठी तेवढं लांब जायचं, ट्रेलरांच्या मागे रांगेत उभं राहायचं, वर लॉरीबंदीची वेळ टाळायची. दिवस गेला. त्या रस्त्यावर दुसरा ड्रायव्हर यायला तयार होईना, आणि येणारा भाडं असं सांगायचा की बोरीच्या किमतीला भिडायचं. एकेक वाडा मोडायला लागला. वाडा मोडला की ओळखू यायचं. फाटक उघडं, पाण्याचं टाकं पालथं.

दाऊदने तेव्हा आपली रीत काढली. तो तिला जोडखेप म्हणायचा. एका वाड्यासाठी गाडी न्यायची नाही. सगळ्यांची कार्डं आदल्या दिवशी गोळा करायची, रांगेत एकदाच उभं राहायचं, एकदाच भरायचं, आणि परत येताना ओळीने एकेका फाटकाशी उतरवत जायचं. भाडं सगळ्यांत वाटून. ऐकायला सोपं वाटतं. पण कोणाचं कार्ड मालकाकडे अडकलेलं, कोणाचा मालक परदेशी गेलेला, कोणी ऐन वेळी नको म्हणायचा आणि गाडी तेवढी मोकळी राहायची. मग दाऊद फोनवर बसायचा. हिंदीत, अरबीत, बंगालीत, जे येईल त्यात. कोणाला नाही म्हणायचं त्याला जमलंच नाही. भाडं वाढवायचं तर तोंडातून निघायचं नाही. मी मागे लागलो की म्हणायचा, "सांगतो. पुढच्या खेपेला सांगतो." ही पुढची खेप कधी आली नाही.

गाडी त्याची नव्हती, कफीलची होती, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो इथे होता त्या मालकाची. महिन्याला कफीलला ठरलेलं द्यायचं, उरेल ते त्याचं. उरेनासं झालं तेव्हा त्याने आधी खोली बदलली, दाटीच्या खोलीत गेला. मग गावचं घर शाकारायचं लांबणीवर टाकलं. बायकोशी फोनवर भांडण व्हायचं. मी बाजूला बसलेला असायचो, ती काय म्हणते ते मला ऐकू यायचं. ती म्हणायची, त्या मेंढ्या काय तुझ्या बापाच्या? तो म्हणायचा, "नाय गो, मेंढ्या त्यांच्या बापाच्या, पण रस्ता माझा हाय." ती फोन ठेवायची. दुसऱ्या दिवशी परत करायची.

मी त्याच्या गाडीत कसा आलो ते सांगतो. माझी बायको इथेच गेली, मंगफला असताना, हॉस्पिटलात. तिला पेटीतून गावी नेली, सगळं केलं आणि मुलाने मला परत इथे आणला. माझं काम तर कधीच सुटलं होतं. मुलगा ऑइलच्या कंपनीत, सून नोकरीला, नातवंडं माझ्याशी इंग्रजीत बोलतात आणि मी मराठीत ओरडतो. दिवसभर फ्लॅटमध्ये बसून मी भिंतीकडे बघायचो. टीव्हीही लावत नव्हतो. एक दिवस दाऊद खाली आला आणि हॉर्न वाजवत राहिला, वाजवतच राहिला, शेवटी मी खाली उतरलो ते त्याला शिव्या द्यायला. तो म्हणाला, मागे ताडपत्री बांधायला माणूस लागतो, मला वर चढवत नाही आता, तू चल. मी गेलो. त्या दिवसापासून रोज गेलो. बायकोबद्दल तो एक शब्द बोलला नाही. बरं केलं.

नंतर कळलं की माणूस लागत नव्हता. मी बांधलेली दोरी सैल असायची. वेल्डिंगवाल्याचे हात, गाठ कुठली जमायला. मी चहा आणायला गेलो की तो चढून सगळ्या गाठी परत बांधायचा. मी बघितलं एकदा. दिसलं नाही असं दाखवलं.

आता त्या ओल्या कोंड्याचं सांगायला हवं.

रस्त्याच्या शेवटी एक वाडा होता, उम्म नासरचा. म्हातारी कुवेती बाई, नवरा वारलेला. नवऱ्याच्या मेंढ्या तिने ठेवल्या होत्या. मुलगे विका म्हणायचे, जागा मोकळी होईल, तिथे सुट्टीला बसायला घर बांधू म्हणायचे. ती ऐकायची नाही. आठवड्याला मुलाच्या ड्रायव्हरला घेऊन यायची, वाड्यात खुर्ची टाकून बसायची आणि एकेक मेंढी समोर आणवून बघायची. राखायला रफीक, बंगालचा, फार साधा माणूस. मेंढी आजारी पडली तर हा जेवायचा नाही.

शेवटचा वाडा म्हणजे भाडंही शेवटचं, जास्त. दाऊदने डोकं चालवलं. रफीकला म्हणाला, तुझ्याकडे पत्र्याची शेड मोठी आहे, दोन महिन्यांचं एकदमच घेऊन ठेव, एक लांब खेप वाचेल. उम्म नासरने विचारलं, खराब नाही होणार? दाऊद म्हणाला, इथे कसली ओल, वाळवंट आहे.

मी तिथेच होतो. मलाही पटलं. आम्ही दोघं कोकणातले. आमच्याकडे भात साठवायचं तर खाली फळ्या, फळ्यांवर पेंढा, भिंतीपासून हातभर लांब, हे पोरालाही माहीत. पावसाळा म्हणजे कपाटातल्या कपड्यांना बुरशी. असल्या मुलखातून आलेला माणूस इथलं आभाळ बघतो आणि त्याला वाटतं, ओल नावाची चीजच इथे नाही. आम्ही बोऱ्या सरळ सिमेंटवर रचल्या, भिंतीला टेकवून, पत्र्यापर्यंत. दाऊद मागे सरकून बघत म्हणाला, अशी थप्पी गावी लावली असती तर बापाने मारला असता. दोघंही हसलो.

उन्हाळा संपता संपता इथे समुद्राकडून वारा फिरतो. दमट. अंगाला शर्ट चिकटतो, सकाळी गाडीच्या काचेवरून पाणी ओघळतं. इतकी वर्षं ते पाणी आम्हीच फडक्याने पुसत होतो, पण ते बोऱ्यांनाही लागेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दिवसा पत्रा तापायचा, पहाटे त्यालाच घाम यायचा आणि थेंब खाली बोऱ्यांवर. वरचा थर सुका दिसायचा. आत कोंडा तापला, गोळे झाले, हिरवा पडला. रफीकला वास आला असणार, पण त्याला वाटलं असाच असतो. आणि दुसरं होतं काय घालायला? त्याने गोळे फोडून घातले. पहिल्यांदा गाभण मेंढ्या गेल्या. मग बाकीच्यांतल्याही. पोट फुगून, पाय ताणून.

आम्ही पोचलो तेव्हा उम्म नासर खुर्चीवर बसलेली होती आणि तिचा मोठा मुलगा उभा राहून रफीकवर ओरडत होता. त्याला परत पाठवतो, इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द करतो, असं चाललं होतं. रफीकने खाली बसून एका मेलेल्या मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दाऊद शेडमध्ये गेला, एका बोरीत कोपरापर्यंत हात घातला, काढला, वास घेतला. बाहेर आला आणि मुलाला नाही, म्हातारीला सांगितलं. त्याचं अरबी माझ्यापेक्षा चांगलं, पण त्या दिवशी तो फार सावकाश बोलला, एकेक शब्द. "रचली मी. एकदम घ्या म्हणालो मी. ओल लागणार नाही म्हणालो मी. याने फक्त घातलं."

मुलगा म्हणाला, मग नुकसान तू भर. दाऊद म्हणाला, भरतो. मी त्याची बाही ओढली. त्याच्याकडे भरायला काय होतं? म्हातारीने हात वर करून मुलाला गप्प केलं. मेंढ्या माझ्या आहेत, ती म्हणाली, आणि भरून घ्यायचं की नाही ते मी बघेन. मग दाऊदला म्हणाली, रफीक राहील. पण साठवण नको. थोडं आण, ताजं आण, आणि तूच आण. तू आणतोस तोवर ठेवीन, नाहीतर मुलगे म्हणतात तसं करीन.

हा हुकूम झाला. थोडं आणि ताजं म्हणजे लांबच्या खेपा वाढल्या. जोडखेपेतले बाकीचे वाडे एकेक करून मोडत होते, वाटून घ्यायला माणसं कमी, आणि गाडी अर्धीमुर्धी जायला लागली. अर्धी गाडी म्हणजे दाऊदच्या हिशेबात अर्धी रिकामी. येताना खतही मिळेना, मेंढ्याच नाहीत तर खत कुठलं. मी गाडीत बसून त्याला रोज तेच सांगायचो. म्हटलं, तिला सांग, नाही परवडत. ती श्रीमंत आहे, दुसरी गाडी करेल, नाहीतर विकेल. तू मरशील यात. तो बडीशेप तोंडात टाकायचा. एकदा मात्र चिडला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "शांताराम, मी थांबलो की तो वाडा संपला. मी काय तोंडाने सांगू तिला? तू सांग, तुला येत असलं तर."

मी म्हटलं, सांगतो ना, उद्या सांगतो. तो म्हणाला, नको. पुढच्या खेपेला बघू.

डॉक्टरकडेही त्याचं तेच. जिना चढताना थांबायचा, छातीवर हात ठेवायचा, बडीशेप चघळायचा. गॅस आहे म्हणायचा. मी म्हटलं दाखव. पुढच्या आठवड्यात.

त्या शेवटच्या दिवशी कोठारात माल कमी होता. सकाळीच ट्रेलर भरून गेले होते, आमचा नंबर आला तेव्हा जव संपला होता आणि कोंडाही मोजकाच मिळाला. रस्त्यावर आता मोजून तीन वाडे चालू होते. पहिल्या दोघांना दिलं आणि उम्म नासरच्या फाटकाशी आलो तेव्हा गाडीत काही नव्हतं. रफीक गव्हाण झाडून तयार उभा होता. दाऊद उतरला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आज कुठूनतरी लसूणघास मागून घाल, उद्या सकाळी पहिला नंबर लावून तुझंच आणतो. रफीकने मान डोलावली. शेवटच्या फाटकाशी गाडी रिकामी आली आणि परतही रिकामीच निघाली.

हॉस्पिटलातून रात्री त्याच्या मुलाला फोन लावून दिला, रत्नागिरीला. पोरगा रडला, मग म्हणाला, चाचा, अब्बाला तिथेच माती द्या, इथे आणण्यात दिवस जातील, अम्मीपण तेच म्हणते. कागद झाले. दफन दुसऱ्या दिवशी असरच्या नमाजानंतर, दुपार कलताना ठरलं.

सकाळी मी नेहमीच्या वेळी उठलो. कपडे घातले. असरपर्यंत मला काही काम नव्हतं. मुलगा म्हणाला, बाबा, पडा जरा. मी म्हटलं, मला वफ्र्याला सोड. त्याला ऑफिस होतं, तरी त्याने सोडलं.

पहिल्या दोन वाड्यांवर सांगितलं. एक सुदानी होता, त्याने दोन्ही हात वर करून दुआ मागितली. दुसरा म्हणाला, आता बोऱ्या कोण आणणार? मी म्हटलं, कोणी नाही. मग शेवटच्या वाड्याशी आलो. बुधवार होता. बुधवारी मेंढ्यांचा व्यापारी त्या रस्त्याने गाडी घेऊन फिरतो, बाजारासाठी, तो मोठ्या शेताच्या फाटकाशी उभा दिसला. उम्म नासर आलेली होती, चारा येणार म्हणून बघायला. मेंढ्या गव्हाणीला तोंड लावून ओरडत होत्या. रफीक माझ्या मागे बघत होता, गाडी कुठे आहे ते.

मी खुर्चीसमोर उभा राहिलो. मला गोड बोलता येत नाही आणि अरबीही कामापुरतं येतं. म्हटलं, दाऊद काल वारला. आज चारा नाही. उद्याही नाही. दुसरा कोणी आणणार नाही, एवढ्या लांबून एवढ्याशासाठी कोणाला परवडत नाही. त्यालाही परवडत नव्हतं, त्याने तुम्हाला सांगितलं नाही. मेंढ्या उपाशी आहेत. तो व्यापारी उभा आहे, विका.

रफीक खाली बसला. म्हातारीने बुरख्याचं टोक डोळ्यांना लावलं, बराच वेळ लावून ठेवलं. मग विचारलं, माती कधी? मी म्हटलं, असरला. तिने ड्रायव्हरला हाक मारली आणि व्यापाऱ्याला बोलावून आण म्हणाली.

गाडी आली, फळी लावली. उपाशी जनावर चटकन चढत नाही, मागे फिरतं, गव्हाणीकडे पळतं. रफीकला रडता रडता धरवत नव्हतं. मी बाह्या वर केल्या आणि मेंढ्या धरून चढवायला लागलो. घाई करावी लागली, असरला पोचायचं होतं.